शहाण्णव रिंगिटांचा बयाना

शुक्रवार, १७ जानेवारी २००३. रक्कम शहाण्णव रिंगिट, त्या दिवसाच्या भावाने बाराशे रुपये. ठिकाण मलेशियातलं पेनांग बेट, तिथल्या जुन्या गावातल्या एका गल्लीतलं दुमजली लॉज. हजर तिघं: मी, माझा मित्र इक्बाल आणि लॉजची मालकीण. पावती झाली नाही. साक्षीदार नव्हता. टाळी मात्र झाली.

घर रंगवायला काढलं म्हणून आज माळा रिकामा केला. तुटलेला पाळणा, दोन पितळी घागरी, मुलीची शाळेची दप्तरं, आणि त्या सगळ्याच्या मागे भिंतीला टेकून बसवलेल्या दोन हिरव्या सॅक. मी खाली उभा राहून हात वर केला आणि रंगाऱ्याने एकेक करून त्या माझ्या हातात दिल्या. एक रिकामी होती. दुसरी भरलेली. भरलेलीचं वजन मला माहीत होतं, तरी हात खाली गेला.

कापड अजून तसंच आहे. ते इक्बालच्या लूमवरचं, दुहेरी ताण्याचं, भिवंडीच्या नारपोलीत विणलेलं. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या एका माणसाने त्या सॅक शिवल्या होत्या, त्याच जाड दोऱ्याने आणि त्याच सुईने. मुंबईच्या दुकानात तेव्हा अशी सॅक अठराशेला होती. आम्हाला शिलाई, बक्कल, पट्टे धरून दोनशे दहाला एक पडली. पाऊस लागला की तिला खळीचा वास यायचा. सुताला ताठपणा यावा म्हणून सायझिंगमध्ये जी कांजी लावतात तिचा तो आंबूस, शिजलेल्या भाताच्या पेजेसारखा वास. भिवंडीत वाढलेल्या माणसाला तो वास वेगळा जाणवत नाही. परदेशात जाणवला. कुआलालंपूरच्या बस स्टँडवर पाऊस लागला तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि इक्बाल म्हणाला, "घ्या, सायझिंग पण सोबत आली."

मी सुताचा दलाल. गिरणीवाल्याचं सूत लूमवाल्याला मिळवून द्यायचं आणि पोत्यामागे ठरलेली दलाली घ्यायची. इक्बाल लूमवाला. त्याचे नारपोलीत बारा लूम होते, बापाने घेतलेले. बाप त्याआधी जहाजावर खलाशी होता. लोक कल्याण म्हणतात तसं त्या घरात पेनांग म्हणत. जेवताना मासा खारट झाला की त्याचे अब्बा म्हणायचे, पेनांगला असाच मिळतो. मी खारबावचा. खाडीच्या कडेला वाढलेला. आमच्या घरात परदेश म्हणजे वसई.

आमच्याकडे परदेशात जायची कारणं ठरलेली होती. हज, किंवा दुबईची नोकरी. नुसतं बघायला, पाठीवर पिशवी टाकून, टूरवाल्याशिवाय, हे कुणाला समजावून सांगता यायचं नाही. माझी बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिथं काय हाय?"

"काय न्हाय वहिनी," इक्बाल म्हणाला. "बघून येतो. आवडलं तर पुढच्या वेळी तुम्हाला नेतो."

"मला कशाला पेनांग? मला आधी माहेरी न्यायला सांगा यांना. सहा महिने झाले."

इक्बालने फुटपाथवरून एक इंग्रजी गाईडबुक घेतलं होतं. पन्नास रुपयांना. कुणा गोऱ्या माणसाने ते वापरून विकलेलं. त्यात पेनांगच्या पानावर पेन्सिलीने एका लॉजला गोल केलेला होता आणि शेजारी आकडा लिहिलेला: ८. आठ रिंगिटला एक खाट, म्हणजे शंभर रुपये. त्या आकड्यावर आमची सगळी सफर उभी राहिली. चेन्नईपर्यंत रेल्वे, तिथून विमानाचे जाऊन येऊन चौदा हजार सहाशे, बाकी बस, बोट, खाणं. बारा दिवसांचा माणशी खर्च बावीस हजार चारशे. मी तो वहीच्या मागच्या पानावर मांडला होता. शेवटी बावीस हजार एकशे नव्वद झाला. दोनशे दहा वाचले, एका सॅकचे.

बेटावर जायला बोट होती. बोट धक्क्याला लागताना भरतीचा वास आला. चिखल, शेवाळ, डिझेल आणि उन्हात पडलेलं जाळं. इक्बाल म्हणाला, "काय रे दलाल, एवढे पैसे घालून खारबावलाच आणलंस."

लॉजच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, सहा लोखंडी खाटा, मध्ये लाकडी जमीन. खालच्या देव्हाऱ्यातल्या जाड उदबत्त्यांचा धूर फळ्यांच्या फटीतून वर यायचा आणि अंथरुणात राहायचा. इक्बालने दारात उभं राहून खोली बघितली आणि हसायला लागला. आमच्या मागच्या चाळीत लूम कामगारांच्या अशाच खोल्या होत्या. सहा खाटा, बारा माणसं. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच अंथरुणात. अंथरूण कधी थंड होत नसे. भाडं माणशी महिना सव्वाशे.

"बघ," तो म्हणाला, "आपला कामगार हे महिनाभर सव्वाशेत करतो. गोरे लोक एका दिवसाचे शंभर देतात. आणि त्याला सफर म्हणतात."

खिडकीजवळ दोन खाटा रिकाम्या होत्या. त्या रिकाम्या का हे पंखा लावल्यावर कळलं. भिंतीवरचा जुना पंखा होता, त्याचं पातं दर फेरीला जाळीला लागायचं. खटक. खटक. खटक. एक डेन्मार्कचा मुलगा कानात कापूस घालून पलीकडच्या कोपऱ्यात झोपायचा. आम्ही आडवे झालो आणि दोन मिनिटांत गाढ झोपलो. चार दिवसांनी पहिल्यांदा नीट झोप लागली होती. बारा लूमच्या आवाजात जन्म काढलेल्या माणसाला शांततेत झोप येत नाही, हे मालकिणीला कुठून माहीत असणार. दुसऱ्या दिवशी ती पंखा बदलायला माणूस घेऊन आली तर इक्बाल मध्ये उभा राहिला. "नो, नो. गुड फॅन."

मालकीण साठीची असेल. चिनी. फुलाफुलांचा ढगळ सदरा, पायात लाकडी खडावांसारख्या सपाता. इक्बाल तिला पहिल्या दिवसापासून मावशी म्हणायला लागला आणि ती ओ देऊ लागली. ती हिशेब लाकडी चौकटीतल्या मण्यांवर करायची. बोटं मण्यांवरून अशी जायची की मी रोज सकाळी चहा घेऊन तिच्या टेबलासमोर बसायचो, केवळ ते बघायला. मी मनात बेरीज करायचो, ती मण्यांवर. बहुतेक वेळा ती आधी. एकदाच मी जिंकलो. तिने मला एक संत्रं दिलं.

त्या सहा दिवसांत आम्ही काही मोठं बघितलं नाही. गल्लीत पत्रे ठोकणारे होते, वेताच्या टोपल्या विणणारे होते, एक म्हातारा कागदाची घरं बनवायचा, मेलेल्यांसाठी जाळायची. तमिळ मुसलमानांच्या हॉटेलात माशाची आमटी आणि भात साडेतीन रिंगिट. इक्बालच्या अब्बांनी सांगितलेला धक्का आम्ही शोधला. तिथे आता पार्किंग होतं. इक्बाल तरी तिथे अर्धा तास उभा राहिला. शुक्रवारी तो जुन्या मशिदीत नमाजाला गेला आणि मी पायऱ्यांवर त्याच्या चपला राखत बसलो. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. सगळं गाव अचानक बहिरं झाल्यासारखं होतं, कावळेसुद्धा ऐकू येतात. तिथल्या शुक्रवारीही कावळे ऐकू आले.

तोच १७ तारखेचा शुक्रवार. दुपारी निघायचं होतं. इक्बाल नमाजाहून आला तो ठरवूनच आला होता.

"दलाल, दरवर्षी यायचं. जानेवारीत. ह्याच खाटा."

"भाव वाढवेल ती," मी म्हणालो.

"मग बांध की भाव. तुझा धंदा काय आहे?"

सुताच्या बाजारात आमची रीत अशी. आज भाव ठरला, बयाना दिला, हातावर टाळी दिली की तो भाव बांधला गेला. उद्या सूत किलोमागे दहा रुपयांनी वर जाऊ दे, ज्याने टाळी दिली तो बांधलेल्या भावानेच माल देतो. कागद नसतो. ज्याने एकदा टाळी मोडली त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी कुणी चहालासुद्धा बसत नाही. मी वीस वर्षं ह्या टाळीवर घर चालवलं होतं. टाळी जगात सगळीकडे टाळीच असते असं मला वाटलं, यात माझी काय चूक, असं मी पुढे किती वर्षं म्हणत होतो.

मी मावशींच्या टेबलावर शहाण्णव रिंगिट ठेवले. दोन खाटा, सहा रात्री, आठचा भाव. तेवढा बयाना भरपूर होता. बोटांनी दाखवलं. "टू बेड. एट. सिक्स नाइट. जॅन्युअरी."

तिने मणी सरकवले. शहाण्णव. "जॅन्युअरी?" तिने विचारलं.

"जॅन्युअरी, जॅन्युअरी," आम्ही दोघे म्हणालो.

इक्बालने तिचा हात धरून त्यावर टाळी दिली. ती दचकली, मग हसली. लाल पुठ्ठ्याच्या वहीत तिने काहीतरी लिहिलं, वरून खाली. आम्ही सॅक पाठीवर टाकल्या आणि बोटीकडे निघालो. वाटेत इक्बाल म्हणाला, "जिंदगीभरचा सौदा बाराशे रुपयात." मी मनात माझी दलाली काढली. गंमत म्हणून.

त्या सौद्यात मी मुदत ठरवली नव्हती. माल कधी उचलायचा हे ठरलं नसेल तर तो सौदाच नव्हे, हे मी बाजारात रोज दुसऱ्यांना शिकवत होतो.

मग २००४ चा जानेवारी आला. मुलीची दहावी होती. २००५ ला मी घराचा स्लॅब टाकला. २००६ ला इक्बालच्या बहिणीच्या मुलीचं लग्न, २००७ ला सुताचा भाव असा नाचत होता की बाजार सोडून जाणं परवडलं नसतं. कारणं खरी होती. पण कारणांच्या मागे दुसरी एक गोष्ट होती, आणि ती माझी होती. भाव बांधलेला होता. घाई कशाला? बाजार चढत असेल आणि तुमच्याकडे जुन्या भावाचा माल बांधलेला असेल तर तुम्ही जितके थांबाल तितका फायदा. दर वर्षी मला वाटायचं, आपण जात नाही म्हणजे आपण कमावतो आहोत.

दर जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही लूमच्या शेडसमोरच्या हॉटेलात बसायचो. शेड बंद, रस्ता शांत, दोन कटिंग. इक्बाल गाईडबुक काढायचा. गोल केलेल्या पानाला चहाचे डाग पडत गेले.

"यंदा?"

"पुढच्या वर्षी. खाटा कुठं पळून जातात?"

तो गावभर सांगायचा, पेनांगला आमच्या दोन खाटा हायेत. लोकांना वाटायचं याने परदेशात जागा घेतली. एका सायझिंगवाल्याने गंभीरपणे विचारलं, "मग भाड्याने का देत न्हाय?" इक्बालने त्याला तितक्याच गंभीरपणे सांगितलं, "देतो. पण पंखा आवाज करतो."

२००७ च्या दिवाळीनंतर त्याने लूम विकले. का विकले ते इथे लिहीत नाही, भिवंडीत तेव्हा अनेकांनी विकले. भंगारवाला आला, लूमची तोडमोड झाली आणि बिडाचे तुकडे काट्यावर चढले. ज्या यंत्रावर मीटरने कापड मोजलं गेलं ते स्वतः किलोने गेलं. आडवं सूत ने-आण करणारे धोटे तेवढे इक्बालने ठेवून घेतले. लाकडाचे, दोन्ही टोकांना पितळ बसवलेले, हातांनी गुळगुळीत झालेले चोवीस धोटे. ते त्याने टीव्हीखाली ओळीने मांडले. शेड रिकामी झाली तशी तिच्यात कापसाची तुसं उडत राहिली, महिनाभर, आवाजाशिवाय. त्याच सुमाराला त्याला खोकला लागला. त्याचं मनगट घड्याळाच्या पट्ट्यात फिरायला लागलं. मी विचारलं तर म्हणायचा, "काय न्हाय, शांततेने झोप येत न्हाय."

फेब्रुवारी २००८ मध्ये तो स्वतःच सायबर कॅफेत गेला, लॉजचा ईमेल शोधला आणि लिहिलं. दोन दिवसांनी उत्तराचा छापील कागद घेऊन माझ्या घरी आला. माझी बायको चहा टाकत होती.

"बावीस," तो म्हणाला. "खाटेला बावीस रिंगिट."

मी कागद वाचला. खाली कुणातरी मुलाचं नाव होतं. बयान्याचा उल्लेख नव्हता.

"तू लिहिलंस का आपला भाव बांधलेला आहे म्हणून?"

"लिहिलं. तो म्हणतो, कंप्युटरमध्ये असं काही न्हाय."

"मग सौदा मोडला त्यांनी."

"मोडू दे रे. चल. मार्चमध्ये जाऊ. तिकिटं काढतो."

"आठाचे बावीस द्यायचे? टाळी दिलेली असताना?"

"माझ्या खिशातून देतो वरचे."

"सवाल पैशाचा नाही. जबानीचा आहे."

तो हसला, मग खोकला, मग पाणी प्याला. "पंचवीस वर्षं ओळखतो तुला. तुझा जबानीचा सवाल कायम पैशाचाच असतो."

बायको मध्ये पडली. "न्या ना त्यांना. बघताय ना कसे झालेत?"

मी बघत होतो. तेच तर मला आज सांगता येत नाही. मी बघत होतो आणि तरी म्हणालो, "आधी त्यांनी बयाना कबूल करावा. मी पत्र लिहितो रीतसर."

इक्बालने कप खाली ठेवला. "लिही बाबा. तुझी मुदत मोठी हाय." आणि चपला घालून गेला.

मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, तारीख, रक्कम, हजर माणसं. रजिस्टर्ड पाठवलं. उत्तर आलं नाही.

आता हिशेब. बावीस वजा आठ, चौदा. दोन खाटा, सहा रात्री, एकशे अडुसष्ट रिंगिट. सव्वाबाराच्या भावाने दोन हजार अठ्ठावन्न रुपये. माझा वाटा एक हजार एकोणतीस. विमान मात्र त्या पाच वर्षांत स्वस्त झालं होतं. स्वस्त विमान कंपन्या निघाल्या होत्या, जाऊन येऊन तिकीट चौदा हजार सहाशेचं नऊ-साडेनऊ हजारावर आलं होतं. म्हणजे एकूण सफर २००३ पेक्षा चार हजारांनी स्वस्त पडत होती. मी बेरीज पुरी केली नव्हती. खाटेच्या ओळीपाशी थांबलो होतो. आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही हिशेबात मी असं केलेलं नाही.

इक्बाल त्या वर्षीच्या रमजानमध्ये गेला. सप्टेंबर. संध्याकाळची अजान होत होती, खजूर ताटलीत मांडलेले होते. त्याच्या शेजाऱ्याने मला बोलवायला माणूस पाठवला तेव्हा मी दुकानात सुताच्या पोत्यांचे नंबर तपासत होतो. पंचेचाळीस पोती झाली होती, पाच राहिली होती. मी ती पाच तपासून मग निघालो. हेही लिहून ठेवतो.

चाळीस दिवस झाल्यावर इक्बालच्या बायकोने, भाभींनी, मला बोलावलं. पडद्याआड बसून बोलल्या, पुढे त्यांच्या मुलीने सॅक आणून ठेवली. हिरवी. भरलेली.

"ही तुम्ही घेऊन जा भाऊ. फेब्रुवारीपासून भरून ठेवली होती त्यांनी. मी काढायला गेले की ओरडायचे. म्हणायचे, दलालचं पत्राचं उत्तर येऊ दे, लगेच निघायचं आहे."

मी सॅक उघडली नाही. बाजूच्या खिशात हात घातला तर गाईडबुक लागलं, आणि त्याच्यामागे काहीतरी गुळगुळीत, लांबट. एक धोटा. तो कशाला घेतला होता कुणास ठाऊक. मावशींना द्यायला असेल.

११ जानेवारी २००९ ला मी पेनांगच्या धक्क्यावर उतरलो. पाठीवर माझी सॅक, पोटावर त्याची. भरतीचा वास तोच होता. त्यापुढचं काही तसं नव्हतं. त्या जुन्या गावाला आदल्या वर्षी जागतिक वारशाचा शिक्का मिळाला होता. पत्रे ठोकणारे गेले होते, टोपल्यावाल्याच्या जागी कॉफीचं दुकान होतं. त्याच्या भिंतीवर टोपल्यावाल्याचा मोठा फोटो. कागदाची घरं करणारा म्हातारा नव्हता. आमटी-भात सात रिंगिट. स्वस्त म्हणून लोक आले, लोक आले म्हणून महाग झालं, आणि महाग झाल्यावरही पाट्यांवर लिहिलेलं होतं, स्वस्त. मला राग यावा असं हे सगळं होतं. आलाही. नारपोलीतल्या चाळीत खाटेचं भाडं सव्वाशेचं साडेतीनशे झालं तेव्हा मात्र मला राग आला नव्हता. त्यातल्या दोन खोल्या माझ्याच आहेत.

लॉज होतं. रंग नवा, काचेचा दरवाजा, टेबलावर कंप्युटर. टेबलामागे चाळिशीची एक बाई, मावशींची मुलगी. तिला चांगलं इंग्रजी येत होतं. खाट अठ्ठावीस रिंगिट, म्हणाली, एसी आहे. मागच्या खुर्चीत मावशी बसल्या होत्या, पायांवर टॉवेल, फार लहान झालेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या पोटावरच्या सॅककडे बघितलं. ट्रकच्या दोऱ्याची ती जाड शिवण. मग मुलीला काहीतरी म्हणाल्या.

"आई म्हणते तुम्ही उशिरा आलात."

"किती?" मी विचारलं.

"पाच वर्षं."

मुलीने कपाटातून लाल वही काढली. मावशींनी पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं, मुलगी वाचून दाखवायला लागली. "अकरा जानेवारी २००४ पासून. खिडकीजवळच्या दोन खाटा. सहा रात्री. पैसे पूर्ण मिळाले. भारतातली दोन माणसं, पंखा आवडणारी." त्याखाली सहा आडव्या रेघा होत्या, एकाखाली एक.

"ह्या रेघा?"

"एकेक रात्र. खाट रिकामी राहिली की ती रेघ मारते. त्या आठवड्यात गर्दी होती. मला आठवतं, मी भांडले तिच्याशी. तिने लोकांना परत पाठवलं. म्हणाली, पैसे दिलेत, येतील."

मग मी, मूर्खासारखा, समजावून सांगायला लागलो. आमच्याकडे बयाना कसा असतो, भाव कसा बांधला जातो, टाळी म्हणजे काय. मुलगी एकेक वाक्य आईला सांगत होती. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, आणि हसल्या. तोंडात दात नव्हते.

"ती विचारते, आठ रिंगिट कायमचे? मग आम्ही काय खाल्लं असतं?"

बाजारात कधी ना कधी माल उचलला जातो, म्हणून तिथे ते चालतं, एवढंच मला सुचलं.

"आणि ती विचारते, तो दुसरा कुठे आहे? टाळी देणारा?"

"तो नाही आला."

मावशींनी स्वतःच, इंग्रजीत विचारलं, "जॅन्युअरी?"

मी मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते त्यांना कळलं असावं. त्यांनी वही मिटली. मी गाईडबुकामागून धोटा काढून त्यांच्या टॉवेलवर ठेवला. त्यांनी तो उचलून पितळी टोक अंगठ्याने चाचपलं, मण्यांवरून बोटं फिरवायच्या तसंच.

वरच्या खोलीत एसीचा बारीक एकसुरी आवाज होता. पंख्याच्या जागी भिंतीत चार खिळ्यांची भोकं, पांढऱ्या रंगाने भरलेली. मला सहाही रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी वर आली. खाली दोन प्रवासी उभे होते, लॉज भरलेलं.

"ही दुसरी खाट देऊ का? तुमची फक्त बॅगच आहे तिच्यावर. तिचे पैसे परत करते."

"नको," मी म्हणालो.

तिने सॅककडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जाऊन त्यांना परत पाठवलं.

मघाशी रंगाऱ्याने विचारलं, "शेट, ह्या दोन बॅगा भंगारात टाकायच्या काय?" मी नाही म्हणालो. भिंती वाळल्या की त्या परत माळ्यावर जातील. भरलेली अजून उघडलेली नाही. आज तिला नाक लावून बघितलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आहे, वर जुना धुरळा. खळीचा वास गेला.

शनिवार, १७ जानेवारी २००९. दोन खाटा, सहा रात्री, अठ्ठावीसचा भाव. तीनशे छत्तीस रिंगिट, साडेतेराने चार हजार पाचशे छत्तीस रुपये. मावशींच्या हातात रोख दिले. भाव केला नाही.